वजनगट आहेतच, मग पटसंख्येचा प्रश्न येतो कुठे?

अमेरिकेतल्या शालेय कुस्तीत लहान-मोठ्या शाळांच्या स्पर्धा पटसंख्येनुसार वेगळ्या कराव्यात का, यावर इथे चर्चा चाललीय. 'समोरचा पोरगा आपल्याच वजनाचा असतो, मग शाळेत ३०० मुलं की ३०००, काय फरक पडतो?' हा त्यातला मुद्दा वैयक्तिक स्पर्धेपुरता बराचसा पटतो. इंडियानात राज्याची वैयक्तिक स्पर्धा आजही सगळ्या शाळांची मिळून एकच होते, आणि लहान गावातली पोरंही तिथे पदकं नेतात. आयोवा राज्याने मात्र पटसंख्येनुसार तीन विभाग केलेत.

पण सांघिक लढतीचं, म्हणजे दोन शाळांची प्रत्येक वजनगटात एकेक जोडी लढवून गुणांची बेरीज करतात त्याचं, गणित कुणी मांडलेलं दिसलं नाही. बहुतेक ठिकाणी १०६ ते २८५ पौंड असे १४ वजनगट. चीतपट केलं तर ६ गुण, आणि समोर कुणी उभंच नसेल तरीही तेच ६ गुण. लहान शाळेचे चार गट रिकामे राहिले की मॅटवर पाय ठेवण्याआधीच २४ गुणांची पिछाडी! आमच्या भाच्याच्या शाळेत हेच व्हायचं. त्यांचा २८५चा पोरगा चांगला दणकट, पण सरावाला त्याच्या तोलाची जोडच नाही. रोज पन्नास पौंडांनी हलक्या मुलाशी झटायचा. मोठ्या शाळेत एकेका वजनाला तीन-तीन पोरं आपसात लढून जागा मिळवतात. हा फरक वजनकाट्यावर दिसत नाही.

२०२३-२४ पासून राज्यांना १२, १३ किंवा १४ गट निवडायची मुभा आहे. माझं मत १२ला. मोठ्या शाळांतल्या काही पोरांची संधी त्यात जाते, हे खरंच वाईट आहे. तरी रिकाम्या मॅटवर हात वर करून मिळालेल्या गुणांपेक्षा खेळलेली कुस्ती केव्हाही बरी.