ब्राझीलच्या नद्या समुद्राकडे पाठ का फिरवतात, आणि त्याचा तिथल्या संघराज्याशी काही संबंध आहे का?

घाटमाथ्यावरचा (प्रश्न)

नमस्कार. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे, हे इथल्या पालकांना ठाऊक असेलच. भाचीचा अभ्यास घेताना मी बऱ्याच वर्षांनी ब्राझीलचा नकाशा नीट पाहिला आणि एका नदीपाशी अडकलो. तिचे नाव तिएते. साओ पाउलो शहराच्या पूर्वेला, अटलांटिकपासून अवघ्या बावीस किलोमीटरवर ती उगम पावते आणि समुद्राकडे न जाता उलट दिशेने, देशाच्या अंतर्भागात सुमारे अकराशे किलोमीटर वाहत जाऊन पाराना नदीला मिळते. महाबळेश्वरला उगम पावून अरबी समुद्राऐवजी बंगालच्या उपसागराकडे निघालेल्या कृष्णेची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. पहिला असा की तिथली सेरा दो मार ही किनाऱ्यालगतची डोंगररांग आपल्या सह्याद्रीसारखी मानता येईल का, की हे साम्य नकाशापुरतेच आहे? दुसरा प्रश्न राज्यव्यवस्थेचा आहे. पुस्तकात ‘ब्राझील हे संघराज्यीय प्रजासत्ताक आहे’ एवढे एक वाक्य येते आणि प्राकृतिक रचनेचे प्रकरण सुरू होते. या दोन गोष्टी खरोखरच इतक्या वेगळ्या आहेत का? किनाऱ्यावर एवढी मोठी शहरे असताना राजधानी आत पठारावर नेऊन बसवणाऱ्या देशाच्या राज्यघटनेत त्याच्या भूगोलाची सावली पडलेली असणार, असे मला वाटते. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

कृष्णाकाठ

मी कामानिमित्त साओ पाउलोत काही वर्षे राहिलो आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो. सांतोस हे बंदर समुद्रसपाटीवर आणि साओ पाउलो सुमारे ७६० मीटर उंचीवर आहे. दोहोंमधील चढाव मात्र जवळजवळ सगळा काही किलोमीटरांतच संपतो. धुके, दाट झाडी, कड्यावरून कोसळणारे पाणी आणि वर पोहोचताच एकदम मोकळे होणारे पठार, असा तो रस्ता असल्याने खोपोलीहून खंडाळ्याला चढलेल्या माणसाला तिथे फारसे परके वाटत नाही. खालची चिंचोळी किनारपट्टी म्हणजे त्यांचे कोकण आणि वरचे पठार म्हणजे देश, असे मी मनाशी ठरवून टाकले होते.

मात्र खडकांचा विचार केला तर हे साम्य काहीसे फसवे ठरते. आपला सह्याद्री महाराष्ट्रात मुख्यतः दख्खनच्या बेसाल्टचा आहे, तर सेरा दो मार ग्रॅनाइट आणि नाइस या फार जुन्या खडकांची आहे. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका एकमेकींपासून दूर गेल्या तेव्हा किनाऱ्याची कड उचलली गेली आणि पठाराला आतल्या बाजूला उतार मिळाला. तिएते, इग्वासू यांसारख्या नद्या त्या उताराने पश्चिमेकडे जातात. गंमत अशी की बेसाल्ट तिथेही आहे, पण आतल्या बाजूला, पारानाच्या खोऱ्यात. सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे ते थर आपल्या दख्खनच्या दुप्पट वयाचे आहेत. इग्वासूचा धबधबा त्यांच्याच पायऱ्यांवरून कोसळतो. आपल्याकडे बेसाल्टची काळी माती झाली आणि तिच्यात कापूस पिकला. त्यांच्याकडे अधिक पावसाने त्याच जातीच्या खडकाची गडद लाल माती झाली आणि तिच्यात कॉफी पिकली.

या कॉफीमुळेच भूगोल राज्यकारभारात शिरला. पठारावरचा माल घाट उतरवून सांतोसला नेण्यासाठी १८६७ मध्ये रेल्वे सुरू झाली, साओ पाउलो श्रीमंत झाले, आणि १८८९ मध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले तेव्हा संघराज्याची मागणी सर्वांत जोराने करणाऱ्यांत तिथले कॉफीचे बागायतदार होते. आपल्या निर्यातीचा महसूल आपल्याच प्रांतात राहावा, हा त्यामागचा सरळ हिशेब होता. पुढची चाळीस वर्षे साओ पाउलो आणि मिनास जेराइस या दोन राज्यांच्या पुढाऱ्यांचेच केंद्रात प्राबल्य राहिले. कॉफी आणि दुभती जनावरे यांवरून त्या काळाला ‘दूध-कॉफीचे राजकारण’ असेच म्हणतात.

आडवाट

कृष्णाकाठ यांचा प्रतिसाद उत्तम आहे, परंतु धाग्याच्या शीर्षकाला माझा थोडा आक्षेप आहे. समुद्राकडे पाठ फिरवतात त्या आग्नेय भागातील नद्या. त्यांच्यावरून साऱ्या ब्राझीलचा अंदाज बांधणे म्हणजे पश्चिम महाराष्ट्र पाहून भारताचे वर्णन करण्यासारखे आहे. देशाचे क्षेत्रफळ सुमारे ८५ लाख चौरस किलोमीटर असून त्यातील फार मोठा भाग ॲमेझॉनच्या खोऱ्यात येतो, आणि ती नदी तर थेट समुद्रालाच मिळते. तिचा उतार इतका अल्प आहे की सागरी जहाजे सुमारे पंधराशे किलोमीटर आत मनौसपर्यंत येतात. मनौसला पुराची आणि उन्हाळ्याची पाणीपातळी यांत दहा मीटरच्या आसपास फरक पडत असल्याने तिथला जुना धक्का तरंगता बांधलेला आहे.

राज्यकारभाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की उत्तरेत नदी हाच रस्ता आहे. आमापा राज्याची राजधानी माकापा ही तर आजही उर्वरित देशाच्या रस्त्यांच्या जाळ्याला जोडलेली नाही. तिथे बोटीने किंवा विमानानेच जावे लागते. ॲमेझोनास हे एकच राज्य महाराष्ट्राच्या सुमारे पाचपट आहे, पण २०२२ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या चाळीस लाखांच्या आतच आहे, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक लोक एकट्या मनौस शहरात राहतात. उलट साओ पाउलो राज्य आकाराने महाराष्ट्रापेक्षा लहान असूनही तिथे ४ कोटी ४४ लाख लोक आहेत. कागदावर समान दर्जाची घटकराज्ये असली, तरी जमीन आणि माणसे यांची इतकी व्यस्त वाटणी आपल्याकडे कुठेही नाही.

भाचीसाठी आणखी एक गोष्ट: सर्वोच्च शिखर पिको दा नेब्लिना (सुमारे २,९९५ मीटर) हे किनाऱ्यावरच्या डोंगरांत नसून व्हेनेझुएलाच्या सीमेजवळ, याच ॲमेझोनास राज्यात आहे. ॲमेझॉन म्हटले की सपाट जंगल डोळ्यांसमोर येत असल्याने या प्रश्नाचे उत्तर हमखास चुकते.

घाटमाथ्यावरचा

दोघांचेही आभार. शीर्षकाबद्दलचा आक्षेप मान्य आहे. आता ते बदलता येत नाही, म्हणून तसेच राहू देतो. राजधानीबद्दल मात्र अजून कोणी लिहिलेले नाही. ब्राझिलिया ही एका राष्ट्राध्यक्षाची हौस होती, असे मी ऐकत आलो आहे. ते कितपत खरे आहे?

जुना वाचक

हौस होतीच, पण ती एका माणसाची नव्हती. १५४९ पासून साल्वादोर आणि १७६३ पासून रिओ दी जानेरो अशा दोन किनारी राजधान्या झाल्या. शत्रूच्या आरमारापासून दूर, मध्यवर्ती जागी राजधानी असावी हा विचार तेव्हापासूनच जुना होता. १८९१ च्या पहिल्या प्रजासत्ताक घटनेने तर मध्य पठारावरील १४,४०० चौरस किलोमीटर जमीन भावी राजधानीसाठी राखून ठेवली आणि लगेच पुढच्या वर्षी एक वैज्ञानिक पथक जागा पाहण्यासाठी रवाना झाले. पुढे साठेक वर्षे ते कलम घटनेच्या पानात पडून राहिले. राष्ट्राध्यक्ष जुसेलिनो कुबिचेक यांनी ते प्रत्यक्षात आणले. लुसिओ कोस्ता यांचा आराखडा आणि ऑस्कर निमायर यांच्या इमारती घेऊन २१ एप्रिल १९६० रोजी नव्या शहराचे उद्घाटन झाले.

निवडलेली जागा भूगोलाच्या विद्यार्थ्याने नकाशावर बोट ठेवून पाहावी अशी आहे. हा प्रदेश एक जलविभाजक आहे. उत्तरेकडचे पाणी तोकांतिन्सला, दक्षिणेकडचे पारानाला आणि पूर्वेकडचे साओ फ्रान्सिस्कोला मिळते. आग्वास एमेंदादास, म्हणजे ‘जोडलेली पाणी’, या नावाच्या राखीव क्षेत्रात तर एकाच दलदलीतून निघालेले दोन ओहोळ विरुद्ध दिशांना जातात. एकाचे पाणी अखेर विषुववृत्ताजवळ समुद्राला मिळते आणि दुसऱ्याचे थेट अर्जेंटिनाकडे जाते. देशाच्या तीन मोठ्या खोऱ्यांच्या माथ्यावर संसद बसवण्याची कल्पना मला तरी अजून विलक्षण वाटते.

आता रचनेकडे वळू. १९८८ च्या घटनेनुसार संघराज्यात २६ राज्ये आणि एक संघीय जिल्हा आहे, परंतु खरी वेगळी गोष्ट त्याखाली आहे. तिथे ‘मुनिसिपिओ’ हाही संघराज्याचा स्वतंत्र घटक मानला आहे. आपल्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायती व नगरपालिकांना घटनात्मक स्थान मिळाले, तरी त्या राज्याच्या कायद्याखालीच राहिल्या. ब्राझीलमध्ये मात्र पहिल्याच कलमात राज्यांच्या बरोबरीने त्यांचा उल्लेख आहे. मुनिसिपिओचे भाषांतर नगरपालिका असे केले की घोटाळा होतो, कारण त्यात शहर आणि भोवतालची शेते-जंगले सगळेच येते. आपल्या तालुक्याला थेट निवडून आलेला महापौर आणि सभागृह दिले तर जे होईल, तसे काहीसे ते आहे. अशा मुनिसिपिओंची संख्या सुमारे ५,५७० आहे. पारा राज्यातील आल्तामिरा हा त्यांपैकी एक एकटाच जवळजवळ १ लाख ६० हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे अर्ध्या महाराष्ट्राहून मोठा आहे, तर मिनास जेराइसमधील सांता क्रूझ दे मिनास चार चौरस किलोमीटरही भरत नाही. घटनेच्या दृष्टीने दोघांचा दर्जा एकच.

आडवाट

हा समान दर्जा संसदेत महागात पडतो. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला आणि संघीय जिल्ह्याला तीन याप्रमाणे ८१ सदस्य आहेत, ते एक वेळ समजण्यासारखे आहे; पण लोकसंख्येवर आधारलेल्या ५१३ जणांच्या खालच्या सभागृहातही कोणत्याही राज्याला किमान ८ आणि कमाल ७० जागा, असे घटनेनेच बांधून दिले आहे. परिणामी सर्वांत कमी लोकसंख्येच्या रोराइमा राज्यात साधारण ऐंशी हजार लोकांमागे एक प्रतिनिधी आणि साओ पाउलोत सुमारे सहा लाख चौतीस हजारांमागे एक. निव्वळ लोकसंख्या धरली असती तर साओ पाउलोला शंभराहून अधिक जागा मिळाल्या असत्या. ज्या बागायतदारांनी संघराज्य मागितले, त्यांच्याच राज्याला त्याची सर्वाधिक किंमत मोजावी लागते आहे.

जुना वाचक

किंमत हा शब्द मला एकांगी वाटतो. माकापाला रस्ता नाही, हे आपणच वर लिहिले आहे. अशा राज्याचा आवाज केवळ डोकी मोजून ठरवला, तर ॲमेझॉनचे सगळे निर्णय घाटमाथ्यावरच्या दोन-तीन राज्यांकडे जातील. आठ-सत्तरची मर्यादा सदोष आहे हे मान्य, पण तिचा दोष प्रमाणात आहे, तत्त्वात नाही.

शिवाय प्रदेशाचा आकार बदलण्याचा अधिकार तिथे संसदेला एकटीला नाही, हेही पाहावे. आपल्या घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार संसद राज्याची पुनर्रचना करू शकते आणि संबंधित विधिमंडळाचे केवळ मत मागवावे लागते. ब्राझीलमध्ये आधी जनमत घ्यावे लागते. पारा राज्य तोडून काराजास आणि तापाजोस ही दोन नवी राज्ये करावीत की नाही, यावर डिसेंबर २०११ मध्ये मतदान झाले. मतदार साऱ्या राज्याचे होते. तुटून निघू पाहणाऱ्या भागांनी बाजूने कौल दिला, पण राजधानी बेलेंच्या दाट वस्तीच्या पट्ट्याने विरोध केला, आणि एकूण सुमारे दोन-तृतीयांश मते विरोधात गेल्याने प्रस्ताव पडला. विदर्भाच्या चर्चेत रस असणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य पाहावे, मग त्यांची बाजू कोणतीही असो.

कृष्णाकाठ

नद्यांपासून धागा सुरू झाला म्हणून पाण्याच्या मालकीबद्दल थोडे लिहितो. आपल्याकडे पाणी मुळात राज्यसूचीत आहे आणि भांडण झाले की १९५६ च्या कायद्याखाली लवाद नेमावा लागतो. कृष्णेच्या लवादांबद्दल वेगळे सांगायला नको. ब्राझीलच्या घटनेने मात्र एकाहून अधिक राज्यांतून वाहणारी नदी ही थेट केंद्राची मालमत्ता ठरवली आहे, आणि राज्याच्या हद्दीतच राहणाऱ्या नद्या राज्याकडे ठेवल्या आहेत. आपली तिएते उगमापासून मुखापर्यंत साओ पाउलो राज्यातच असल्याने ती राज्याची ठरते.

मालकी केंद्राची असली म्हणजे तंटे मिटतात असे नाही. साओ फ्रान्सिस्को ही मिनास जेराइसमध्ये उगम पावून सुमारे २,८०० किलोमीटर वाहणारी नदी आहे. तिचे पाणी कालव्यांनी ईशान्येच्या कोरड्या सेर्ताओ प्रदेशात नेण्याचे काम २००७ मध्ये सुरू झाले, तेव्हा सिआरा, पाराइबा ही तहानलेली राज्ये एका बाजूला आणि नदीकाठची बाहिया, सेर्जिपे ही राज्ये दुसऱ्या बाजूला उभी राहिली. त्याआधी २००५ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये लुईस काप्पिओ या बिशपांनी या योजनेविरुद्ध उपोषणही केले होते. अखेर पूर्वेकडच्या कालव्याचे पाणी २०१७ मध्ये पाराइबात पोहोचले.

घाटमाथ्यावरचा

तिएते राज्याची आणि साओ फ्रान्सिस्को केंद्राची, हे वाचून भाचीने लगेच विचारले की मग पाराना कोणाची, कारण ती तर पुढे पराग्वे आणि अर्जेंटिनाच्या हद्दीलाही लागते. ब्राझीलमधल्या प्रवाहापुरती केंद्राचीच, असे मी सांगून ठेवले आहे. पण इताइपू धरण ब्राझील आणि पराग्वे यांचे निम्मे-निम्मे आहे हे तिला कुठून तरी कळल्यामुळे माझे उत्तर तिला अपुरे वाटते. इताइपूच्या कराराबद्दल कोणी लिहू शकेल का?