आकडा चढता की उतरता?

"पार्टीतून निघताना फुंकून बघायचं, ३०च्या आत आलं की गाडी काढायची" हा घरगुती ब्रेथ अ‍ॅनालायझरचा, म्हणजे श्वासावरून रक्तातली दारू मोजणाऱ्या यंत्राचा, हिशोब काहीजण सांगतात; मला तो पटला नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलि रक्तात ३० मिग्रॅ ही मर्यादा आहे, ते बरोबर. पण शेवटचा पेग रिचवून लगेच फुंकलं, तर त्या आकड्याला अर्थ काय? दारू पूर्ण चढायला अर्धा ते दीड तास सहज जातो, वर बिर्याणी हाणली असेल तर आणखी. पार्किंगमध्ये २२ दाखवणारा गडी टोलनाक्यापर्यंत ४० वर गेलेला असू शकतो. उलटही होतं. नुकताच घोट घेतला असेल तर तोंडातल्या दारूनेच आकडा भलता फुगतो, म्हणून निदान पंधरा मिनिटं थांबायचं असतं.

स्वस्त यंत्रांतला सेमीकंडक्टर सेन्सर दारूखेरीज इतर वाफांनीही फसतो. फ्युएल सेलवाली (रासायनिक क्रियेने दारू मोजणारी) बरी, पण तीही वेळोवेळी कॅलिब्रेट करावी, म्हणजे ठरलेल्या प्रमाणाशी ताडून दुरुस्त करावी लागतात. घरच्या ड्रॉवरमध्ये पडलेल्या यंत्राचं ते कोण करतंय!

माझ्या मते या यंत्राचा खरा उपयोग दुसऱ्या दिवशी सकाळी. शरीर तासाला १०० मिलि रक्तामागे साधारण १५ मिग्रॅ इतकीच दारू निकालात काढतं. रात्री एकला १५० वर असलेला माणूस सकाळी सातला ६० च्या आसपास असतो, आणि आंघोळ, काळी कॉफी, लिंबूपाणी यांनी त्यात काडीचा फरक पडत नाही. झोप झाली म्हणून हा बिनधास्त ऑफिसला निघतो. फुंकायचं ते तेव्हा.