वाचनाची वही ठेवता का? तुमच्या नोंदी सांगा

गेल्या वर्षी संक्रांतीच्या आसपास दोनशे पानी वही घेतली आणि रकाने आखले: पुस्तक, लेखक, कधी सुरू केलं, कधी संपलं. डिसेंबरअखेर आकडा ३७ झाला. बायकोला दाखवला, ऑफिसात सांगितला, थोडा भाव खाल्ला. मग एका रविवारी वही निवांत चाळायला घेतली तर चार पुस्तकांबद्दल काहीच आठवेना. नाव आहे, तारीख आहे, माझंच अक्षर आहे. आत काय होतं म्हणाल तर पाटी कोरी.

म्हणून यंदा 'एक ओळ' हा रकाना वाढवलाय. पुस्तक मिटलं की मनात राहिलेली एक ओळ. तुम्ही काय काय टिपता? अर्धवट टाकलेलं पुस्तक मोजता का? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, जिथं असाल तिथून लिहा. जुन्या वह्या असतील तर अगदी उत्तम.
(टिळकवाडी)

*

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, खानापूर तालुक्यातली. माझी वाचनाची नोंद टाचणवहीच्या मागच्या पानांवर असायची. पुढून पाठाचं टाचण, मागून पुस्तकं. साहेब तपासणीला आले की वही उलटी धरणार नाहीत ना, एवढीच धास्ती.

माझ्याकडे 'कुणाकडून' हा रकाना पहिल्यापासून आहे, कारण पुस्तक मिळवणं हेच मोठं काम होतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटीनं बेळगाव, तिथं सार्वजनिक वाचनालय. (१८४८ सालचं आहे ते. आमच्या घरात कुणालाच अक्षर येत नव्हतं तेव्हापासूनचं!) नाहीतर मग हिवाळ्यातली साहित्य संमेलनं. भाताची मळणी उरकली की कडोली, उचगाव, येळ्ळूर अशी गावोगावी संमेलनं सुरू होतात. सकाळी ग्रंथदिंडी, डोक्यावर फेटे, दुपारी मांडवात कविसंमेलन. मी मात्र मांडवाच्या कडेला पुस्तकांच्या टेबलाशी. भाषणं कानावर पडत राहायची, हात पुस्तकांत.

पावसाळ्यातल्या नोंदी बघून अजून हसू येतं. जांबोटीकडे माझी शाळा होती, तिकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. एका वर्षी लिहिलंय: '१४ जुलै. पान ८८. लाईट गेली.' खाली लगेच: '१७ जुलै. पान ८८. लाईट आली.'

एक गोष्ट मात्र फार उशिरा कळली. एका वर्षी माझी ३१ पुस्तकं झाली, पुढच्या वर्षी १२. मी स्वतःला आळशी म्हणत बसले. निवृत्त झाल्यावर रकाना नीट बघितला. ३१ पैकी १९ पुस्तकांपुढे एकाच सहकाऱ्याचं नाव. ते कन्नडचे शिक्षक, पण मराठी पुस्तकांचा भारी नाद. दर सोमवारी पिशवीतून एक काढून टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, 'बाई, हे वाचून सांगा, मग मी वाचतो.' जूनमध्ये त्यांची सौंदत्तीकडे बदली झाली. १२ चं कारण ते होतं.

*

वडगाव. पॉवरलूमवर कामाला हाय. माग चालू असताना वाचायचं जमत नाही. आवाजाची सवय झालीय, पण धागा तुटला की उठावं लागतं. बीम म्हणजे उभे धागे गुंडाळलेला मोठा रूळ. तो संपला की नवा बीम जोडेपर्यंत माग बंद. तेवढ्या वेळात मी पुस्तक काढतोय. मालक म्हणतोय, 'काय गा, कॉलेजात जातोयस काय?'

म्हणून माझ्या वहीत तारीख नाही, बीम आहे. एक कादंबरी तीन बीमची झाली, एक आत्मचरित्र सात बीमचं. कवितेचं पुस्तक एका बीममध्ये उरकलं, पण मग परत पहिल्यापासून काढलं, ते अजून चालूच हाय. आम्हाला मजुरी कापडावर, त्यामुळं बीम जोडायच्या वेळेची मजुरी नाही. घरी म्हणतात, तेवढ्यात झोप तरी घे.

*

अर्धवट टाकलेली मोजावीतच! मी चिकोडीची. जी. ए. कुलकर्णींचं जन्मगाव एकसंबा आमच्याच तालुक्यातलं, आणि माझ्या वहीत लागोपाठ दोन वर्षं त्यांच्या एकाच संग्रहापुढे 'सोडलं' असं लिहिलंय. तिसऱ्या वर्षी 'दोन कथा झाल्या. रात्री वाचू नये.'

*

सगळे वह्या म्हणतायत, मी मोबाईलवाला. निपाणी. ॲपवर शंभर पुस्तकांचं लक्ष्य ठेवलं होतं. अर्धी मराठी पुस्तकं त्यात सापडतच नव्हती, नाव इंग्रजीत घातलं की भलतंच मुखपृष्ठ यायचं. नोव्हेंबरात ७४ वर होतो. मग लहान मुलांची गोष्टीची पुस्तकं, पातळ पातळ नाटकं, काय मिळेल ते रेटलं. तंबाखूला पाणी मारून वजन वाढवावं तसं. ३१ डिसेंबरला शंभर भरले, ॲपनं फटाके उडवले. यंदा लक्ष्यच ठेवलं नाही.

*

माझी शाळा कन्नड माध्यमाची, घरात मराठी. त्यामुळे माझ्या वहीच्या पहिल्या दोन पानांवर मराठी पुस्तकांची नावं कन्नड लिपीत आहेत. हसू नका, हात तसाच वळायचा. पहिल्या मराठी कादंबरीला ५२ दिवस लागले, चौथीला १९. तिसऱ्या पानापासून नावं देवनागरीत आहेत, पण 'ळ' अजून बघून काढल्यासारखा.

एक शंका आहे. भैरप्पांचं 'पर्व' मी मूळ कन्नडमधून वाचलं, आईनं त्याच महिन्यात उमा कुलकर्णींच्या मराठी अनुवादातून. जेवताना रोज कोण कुठवर आलं यावर वाद. पुढं मी आईची मराठी प्रतही वाचली. मग माझ्या वहीत हे एक पुस्तक की दोन?

*

दोन. आणि अनुवादकाचं नाव लेखकाएवढ्याच अक्षरात लिही बाळ.
(वरचीच, खानापूरची)

*

शहापूर. आमच्या आजीची नोंद देवघराच्या दाराआड भिंतीवर आहे. चातुर्मासात ती 'हरिविजय' वाचायची आणि एक अध्याय झाला की कुंकवाचा एक ठिपका. अध्याय ३६, म्हणून सहा-सहाच्या सहा ओळी. घराला रंग काढताना बाबा तेवढा चौकोन दरवेळी सोडतात, त्यामुळे तिथं अजून जुना निळा चुना दिसतो.

एका वर्षीचे ठिपके मात्र २२ वरच थांबलेत. विचारलं तर आजी म्हणाली, पोथी दोन दिवसांसाठी म्हणून मागच्या गल्लीत दिली, ती आजपर्यंत परत आली नाही. चाळीसेक वर्षं होऊन गेली असतील. पुढं नवी पोथी आणली, पण त्या घरावरून जाताना आजी अजून मान दुसरीकडे करते.

*

आजींचा किस्सा वाचून वहीत 'कुणाकडून' आणि 'कुणाला दिलं' असे दोन्ही रकाने आत्ताच आखले आणि मागचं आठवून भरायला बसलो. 'कुणाला दिलं' मध्ये तीन नावं निघाली, तिघांनाही लगेच फोन लावायच्या बेतात होतो. मग 'कुणाकडून' भरताना सातव्या ओळीवर अडकलो. ते पुस्तक खडेबाजारातल्या मित्राचं, गेल्या जूनपासून माझ्याच कपाटात आहे. आधी ते देऊन येतो.
(टिळकवाडी)