आपली दोन गाणी झाली की काढता पाय

खर्ज:
सहावीतार यांची ओपन माइकवरची (म्हणजे नाव लिहून कोणीही येऊन गाण्या-वाजवण्याच्या कार्यक्रमावरची) पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, त्यांचं म्हणणं असं की मी वाजवायला येतो, माझी दोन गाणी झाली की निघतो, बाकीच्यांचं ऐकत बसायला मी बांधील नाही, ऐकणं हे प्रेक्षकांचं काम. त्याखाली सहमत सहमत म्हणणाऱ्यांची रांग लागलीये. तिथे चार ओळींत मावणार नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

मला आधी एक सांगा, हे प्रेक्षक म्हणजे कोण? कुठल्याही ओपन माइकला जा आणि नुसतं खुर्च्यांखाली बघा. गिटारच्या पिशव्या, युकुलेले, कोणाचं कहोन. निम्म्याहून जास्त लोक नाव लिहून आपल्या नंबरची वाट बघत असतात आणि उरलेले त्यांच्याबरोबर आलेले मित्र नाहीतर बहीण. निव्वळ ऐकायला म्हणून आलेला माणूस एखादाच. म्हणजे वाजवणारे हेच ऐकणारे, आणि त्यातला प्रत्येक जण आपलं झालं की उठला तर शेवटच्या नंबरपर्यंत तिथे उरतं कोण? लहानपणी क्रिकेट खेळताना एक जण असायचाच, आपली बॅटिंग झाली की आईने बोलावलंय म्हणून पळणारा, त्याला दुसऱ्या दिवशी कोणी बॅट देत नव्हतं.

मध्ये एक मुलगी गात होती, बहुतेक पहिल्यांदाच, आवाज कापत होता, माइकचा स्टँड पण आधीच्या उंच माणसाच्या उंचीला तसाच, ती मान वर करून गातेय. तिची पहिली ओळ चालू आणि तिच्या आधी वाजवून गेलेला पट्ठ्या पुढच्याच रांगेत हार्डकेसच्या कड्या लावतोय, खट, खट, खट, मग केबलची गुंडाळी, मग मित्रांना हाक, मग पाच-सहा खुर्च्या सरकल्या. तिने दुसरं कडवं सोडून दिलं आणि थँक्यू म्हणून उतरली. तो वाजवत होता चांगलाच, आणि त्याच्या गाण्याला तिने मनापासून टाळ्या वाजवल्या होत्या हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

आणि थांबण्यात फायदा तुमचाच आहे हो. एक जण साध्या सी कॉर्डवर वाजवतोय, दुसरा पाचव्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) लावून जीच्या आकारात तोच सी वाजवतोय, दोन गिटार असून गिचमीड नाही, हे मी समोर बसून शिकलो. उंच सुराला तोंड माइकपासून किती मागे न्यायचं ते पण तसंच.

सहावीतार:
माझ्या पोस्टवर अख्खा धागा काढलाय तर माझी अख्खी बाजू पण ऐका. मी शिफ्टमध्ये काम करतो, पहाटे साडेपाचला घर सोडावं लागतं. साडेसातला जाऊन नाव लिहिलं, यादीत चौथा. नंबर लागला पावणेअकराला. का, तर मध्ये यजमानांचे ओळखीचे दोन-तीन जण, मग यजमान स्वतः तीन गाणी, मग कोणीतरी खास पाहुणे ज्यांचं नाव यादीत नव्हतंच. मी वाजवलं तेव्हा समोर कोण होतं? साउंडवाला, आणि तो पण मोबाइलमध्ये डोकं घालून. त्या दिवशी मी सगळ्यांचं ऐकलं होतं, माझं कोणी ऐकलं?

आणि हे थांबा थांबा सांगणारे लोक एक गोष्ट विसरतात, आम्ही फुकट वाजवतो. ओपन माइक कायम सोमवार-मंगळवार का असतो, शनिवारी का नसतो? कारण शनिवारी गिऱ्हाईक आपोआप येतं आणि त्या दिवशी पैसे घेणारा बँड असतो. रिकाम्या रात्री वाजवणारे आणि त्यांचे मित्र येऊन खुर्च्या भरतात, गल्ला जागेवाल्याचा वाढतो, आणि वर आम्हीच शेवटपर्यंत बसून टाळ्या पण वाजवायच्या. वाजवणाऱ्याला निदान त्याच्या वेळेचा मालक राहू द्या. हार्डकेसच्या कड्या गाणं चालू असताना लावू नयेत, एवढं मान्य. त्यापुढे नाही.

शब्दवेडी:
सोमवारचा मुद्दा खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. न्यूयॉर्कच्या गर्डीज फोक सिटी या क्लबातली हूटनॅनी, म्हणजे तिथला ओपन माइक, पण सोमवारचीच, आणि १९६१ मध्ये बॉब डिलन त्याच सोमवारांतून पुढे पैसे मिळणाऱ्या बुकिंगपर्यंत पोचला. रिकामी रात्र होती म्हणूनच नवख्याला तिथे उभं राहता आलं.

माझं दुखणं वेगळं आहे, निघून जाणारे परवडले असं म्हणायची पाळी आणणारे लोक असतात, ते म्हणजे बसून बोलणारे. मी स्वतः लिहिलेली गाणी गाते. माझ्या आधीच्याने सगळ्यांना पाठ असलेलं कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं, वाजवलं की अख्खा हॉल सुरात सूर मिसळून गातो, आणि माझं गाणं सुरू झालं की पहिल्या चार ओळींनंतर गप्पांचा आवाज गाण्याच्या वर. अनोळखी गाण्याला शब्द ऐकू यावे लागतात, नाहीतर त्यात उरलं काय? नॅशव्हिलचं ब्लूबर्ड कॅफे १९८२ पासून चालू आहे, जेमतेम नव्वदेक खुर्च्या, आणि तिथला नियमच असा की गाणं चालू असताना बोलायचं नाही, बोललात तर श्श् करून गप्प करतात. त्यांचा सोमवारचा ओपन माइक स्वतःची गाणी लिहिणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडे निदान अर्धी रात्र तरी ओरिजिनल गाण्यांना राखून ठेवा, कव्हरवाल्यांना उरलेली अर्धी द्या.

फेडरवाला:
सहावीतार, तो साउंडवाला मोबाइलमध्ये डोकं घालून गेम खेळत नव्हता. बरेचसे डिजिटल मिक्सर हल्ली टॅब नाहीतर मोबाइलवरूनच चालवतात, तुमचाच आवाज सावरत असणार तो. विषय निघालाच आहे तर बोलतोच, कारण ओपन माइकचा अर्धा वेळ कोण खातं याच्यावर कोणी बोलत नाही.

माइकची जाळी मुठीत धरणं बंद करा. स्टेजवर जो साधा वोकल माइक असतो, १९६६ पासून चालत आलेला एसएम फिफ्टीएट घ्या किंवा त्याच्यासारखा दुसरा, तो समोरचं ऐकतो आणि मागचं कमीत कमी ऐकतो, आणि ते त्याला जमतं कारण जाळीच्या आत मागच्या बाजूने हवा जायला फटी असतात. तुम्ही मूठ आवळली की त्या फटी बंद, माइक चारी बाजूंनी ऐकायला लागतो, मॉनिटरचा (गाणाऱ्याकडे तोंड केलेल्या स्पीकरचा) आवाज परत माइकमध्ये, तिथून परत मॉनिटरमध्ये, आणि शिट्टी वाजली की सगळे माना वळवून माझ्याकडे बघतात. चेक चेक म्हणताना कुजबुजायचं आणि गाण्यात किंचाळायचं, मग मी गेन, म्हणजे माइकची पातळी, लावायची कशावर? तोंडापासून माइकचं अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो, मान हलवत गाणाऱ्यांनी हे पाठच करून ठेवावं. म्यूट करा असं न सांगता गिटारची केबल उपटणारे तर स्पीकर फाडायलाच येतात. आणि ट्यूनिंग! नवीन तारा त्याच संध्याकाळी चढवून यायचं आणि मग माइकसमोर टॉइंग टॉइंग. क्लिपचा ट्यूनर मिळतो, पेडल ट्यूनर मिळतो जो ट्यून करताना आवाज बंद करतो, वापरा की. दहा मिनिटांचा स्लॉट असतो, त्यातली चार मिनिटं यात जातात, आणि मग पावणेअकरा वाजतात.

डग्गा:
फेडरवाले, तुमचं सगळं गिटार आणि गळा एवढ्यावरच संपतं. तबला घेऊन आलेल्या माणसाशी तुमच्यातले लोक कसे वागतात ते पण लिहा ना. गिटारवाल्याला एक केबल दिली की झालं. मला दाया-डग्ग्याला मिळून दोन माइक लागतात तर उत्तर काय मिळतं, एकच आहे, मध्ये ठेवा. मध्ये ठेवला की दायाची चाट (काठावरचा बोल) तेवढी टकटक ऐकू येते आणि डग्ग्याची घीस (घुमारा) गायब. मग लोक म्हणतात तबला पातळ वाटला.

ट्यूनिंगवर लेक्चर देताय तर हे ऐका. दमट हवेत पुडी (तबल्याचं कातडं) उतरते, एसीसमोर ठेवला की चढते, यात माझा काय दोष? घरून काळी एक या सुराला लावून आणलेला तबला, आणि गायक स्टेजवर चढता चढता म्हणतो आज घसा बसलाय, पांढरी एक, म्हणजे अर्धा सूर खाली, करूया. गिटारवाला पहिल्या फ्रेटचा कॅपो काढून मोकळा. मी हातोडी घेऊन पुडीच्या कडेची सोळा घरं (सूर मिळवायच्या जागा) फिरायची, आणि मागून तुमच्यासारखा एक जण घड्याळ दाखवत उभा. एकदा तर मी घरं मिळवत असतानाच माझा चॅनल बंद करून निवेदकाला माइक दिला आणि पुढचं नाव पुकारलं. मी तबला उचलून घरी गेलो. थांबलो नाही. खर्ज, मला पण बॅटिंग करून पळणारा म्हणा हवं तर.

फेडरवाला:
असं चॅनल बंद करणं चूकच, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण सगळ्या साउंडवाल्यांना एका माळेत ओवू नका, ते ऐकून घेणार नाही. छोट्या जागेत आठ चॅनलचा मिक्सर असतो, चार माइक, त्यात दोन तुम्हाला दिले तर पुढच्या तिघांच्या ग्रुपला मी काय देऊ? आणि डग्गा मॉनिटरमध्ये हवा असा हट्ट सगळे तबलजी करतात. तो खालचा घुमणारा सूर मॉनिटरमधून पुडीवर, पुडीवरून माइकवर, मग अख्खं स्टेज गुणगुणायला लागतं. मी तो कापला की तुम्ही म्हणणार घीस गायब.

आणि स्वस्त गिटारवाल्यांचं तुम्हाला सोपं दिसतं, तसं नाहीये. पॅसिव्ह पिझो पिकअप (गिटारमधला, बॅटरी नसलेला, आवाज पकडणारा भाग) सरळ मिक्सरला जोडला तर आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, मध्ये डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला मानवेल असा करणारी डबी) लागतो, तो कोणी आणत नाही, माझाच वापरतात आणि जाताना त्याच्यावर पाय देऊन जातात.

डग्गा:
म्हणजे माइक कमी आहेत याची शिक्षा तबल्याला. कळलं.

खर्ज:
धागा कशावर होता आणि कुठे गेला. डग्गा, तुम्हाला कोणी पळपुटं म्हणत नाहीये, तुम्हाला अपमान करून घालवलं, तुम्ही वाजवून मजेत निघून गेला नव्हतात, दोन्हींत फरक आहे. सहावीतार यांच्या नंबरचं जे झालं ते पण वाईटच झालं, पण त्याचा राग यजमानावर काढा, पुढच्या गाणाऱ्यावर कशाला? त्या कापऱ्या आवाजाच्या मुलीने तुमचा नंबर खाल्ला नव्हता.

यादीवाली:
यजमानांवर सगळेच घसरलेत तर यजमान म्हणून बोलते. हो, ओळखीचे मध्ये घुसवले जातात, मी पण घुसवलेत. कारण ऐका. ओळीने तीन-चार जण कच्चे निघाले की लोक उठायला लागतात, तेव्हा बसवून ठेवणारा एक खमका वाजवणारा लागतो, आणि तो सहसा ओळखीचाच असतो कारण तोच शेवटपर्यंत थांबलेला असतो. स्वतः तीन गाणी म्हणणाऱ्या यजमानांची बाजू मात्र मी घेणार नाही, यजमानाने सुरुवातीला एक गाऊन हॉल तापवावा आणि बाजूला व्हावं.

शब्दवेडी, अर्धी रात्र ओरिजिनलला राखणं मला जमणार नाही, नवखा माणूस पहिल्यांदा उभा राहतो तो दुसऱ्याच्या गाण्यावरच. बोलणाऱ्यांना गप्प करण्याचं काम मात्र यजमानाचं आहे, गाणाऱ्याने ते सांगायला लागू नये.

आमच्याकडे हल्ली असं करतो. नावं आधी लिहून घ्यायची, पण क्रम लावायचा चिठ्ठ्या टाकून, आणि मध्यंतरानंतरच्या चिठ्ठ्या मध्यंतरातच काढायच्या, जे हजर असतील त्यांच्याच. ज्यांना पहाटे उठायचंय त्यांना पहिल्या भागात जागा, मात्र पहिल्या गाण्याआधी यायचं आणि मध्यंतरापर्यंत बसायचं. कुरकुर झाली, अजून होते, पण शेवटच्या नंबरला समोर माणसं असतात.

सहावीतार:
मध्यंतरापर्यंत बसायचं हे चालेल मला, कारण मध्यंतर कधी ते आधी माहीत असेल. खास पाहुण्यांची पण चिठ्ठीच टाकणार असाल तर. बंधन म्हणून शेवटपर्यंत बसा हे मला आजही पटत नाही, आणि फुकट वाजवण्यावर इथे एकानेही उत्तर दिलेलं नाही.

यादीवाली:
पाहुण्यांची चिठ्ठी टाकते. पैशांचं उत्तर माझ्याकडे नाही, मला स्वतःला पण काही मिळत नाही. त्यावर वेगळा धागा काढा, मी येईन भांडायला.

शब्दवेडी:
नवखा माणूस कव्हरवरच उभा राहतो हे ठीक, पण वर्षानुवर्षं तीच दोन कव्हरं घेऊन येणारे नवखे कसे?

डग्गा:
फेडरवाले, शेवटचं विचारतो. मी अर्धा तास आधी आलो, सूर गायकाकडून आधीच पक्का करून घेतला, माझे दोन माइक आणि छोटे स्टँड स्वतः आणले, तर चॅनल द्याल?

फेडरवाला:
दोन देतो. डग्गा मॉनिटरमध्ये मागायचा नाही. आणि हातोडी चालवण्याआधी मला खूण करा, मी म्यूट करतो, घड्याळ पण तेव्हा थांबवायला सांगतो.