अपील म्हणजे खटला नव्याने नव्हे

'अपिलात साक्षीदार पुन्हा येतात' असं कुणी म्हणत असेल, तर ते अमेरिकेतल्या फेडरल अपील न्यायालयांना लागू नाही. तिथे ना ज्युरी, ना नवी साक्ष. सहसा तीन न्यायाधीशांचं पीठ खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड आणि दोन्ही बाजूंची लेखी निवेदनं वाचतं. तोंडी युक्तिवाद झालाच, तर वकिलाला मोजकी मिनिटं मिळतात आणि तीही प्रश्नांना उत्तरं देण्यात जातात. या न्यायालयांची प्रादेशिक सर्किट्स, म्हणजे कार्यक्षेत्रं, १२. त्यांत नववं सर्वांत मोठं: ९ राज्यं, २९ न्यायाधीशपदं, त्यामुळे तिथलं 'पूर्णपीठ' (एरवी सर्व न्यायाधीशांचं पीठ) सहसा ११ जणांचंच.

सर्वोच्च न्यायालय फार थोडी प्रकरणं घेतं, म्हणून बहुतेकांसाठी अपील न्यायालयाचाच निकाल अखेरचा. खरी मेख रेकॉर्डमध्ये आहे. खालच्या कोर्टात वेळेवर हरकत नोंदवली नसेल, तर तो मुद्दा इथे सहसा टिकत नाही.