मॉर्टगेजचे हप्ते थकले तर फोरक्लोजर (घराचा लिलाव) व्हायला नक्की किती वेळ लागतो? (टेक्सास)

पावसाळी_दुपार:
मंडळी, घाईत लिहितेय, सांभाळून घ्या. आम्ही टेक्सासमध्ये असतो, स्वतःचं राहतं घर आहे, लोन साधं कन्व्हेन्शनल, ३० वर्षांचं. नवऱ्याचा जॉब गेला आणि माझ्या एकटीच्या पगारात मॉर्टगेज, प्रॉपर्टी टॅक्स, इन्शुरन्स सगळं बसत नाहीये, दोन हप्ते थकलेत. सर्व्हिसरचे (लोनचे हप्ते गोळा करणारी कंपनी) फोन येतायत पण उचलायचं धाडस होत नाही, काय सांगणार त्यांना. माझा मावसभाऊ न्यू जर्सीत आहे, तो म्हणतो अगं बिनधास्त रहा, फोरक्लोजरला दोन-तीन वर्षं सहज जातात. ऑफिसमधली एक जण म्हणाली टेक्सासमध्ये महिन्याभरात घर लिलावात जातं. दोघांचं ऐकून डोकं भणभणलंय. नक्की किती वेळ आहे हातात? आणि जमेल तसा अर्धा हप्ता भरला तर चालतो का?

आडवळण:
ताई, मावसभाऊ त्याच्या स्टेटपुरतं बोलतोय. न्यू जर्सीत फोरक्लोजर कोर्टातून होतं. आधी निदान ३० दिवसांची नोटीस, मग सुपीरियर कोर्टात केस, तुम्हाला उत्तर द्यायला ३५ दिवस, मग जजमेंट, मग शेरिफ सेल म्हणजे लिलाव, आणि मध्ये मीडिएशन (तडजोडीची बोलणी) वगैरे असतं ते वेगळंच, म्हणून वर्षं जातात. न्यूयॉर्कचीही तीच गत. टेक्सासमध्ये बहुतेक लोनना कोर्ट लागतच नाही कारण घर घेताना तुम्ही ज्या डीड ऑफ ट्रस्टवर (घर तारण ठेवल्याचा कागद) सही केलीत त्यातच घर विकायचा अधिकार देऊन टाकलेला असतो. (होम इक्विटी लोन, म्हणजे आधीच्या घरावर काढलेलं कर्ज, असेल तर मात्र कोर्टाची ऑर्डर लागते, तुमचं तसं दिसत नाही.)

पण महिन्याभरात हेही खरं नाही. राहत्या घरासाठी फेडरल नियम असा की हप्ता थकून १२० दिवस उलटल्याशिवाय सर्व्हिसरला फोरक्लोजरची पहिली अधिकृत नोटीसच काढता येत नाही. त्याखेरीज टेक्सासच्या कायद्याने थकबाकी भरायला निदान २० दिवसांची नोटीस द्यावी लागते, तुमच्या कागदांत बहुतेक ३० दिवस लिहिलेले असतील, आणि ही नोटीस त्या १२० दिवसांच्या आतच येऊ शकते, त्यामुळे हे दिवस एकात एक मिसळतात, बेरीज करू नका. मग लिलावाची नोटीस निदान २१ दिवस आधी, ती काउंटी क्लर्ककडे फाइल होते, कोर्टहाउसला लागते आणि तुम्हाला सर्टिफाइड मेलने येते. लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारीच होतो. म्हणजे पहिला हप्ता चुकल्यापासून पाच-सहा महिन्यांत घर जाऊ शकतं. लिलावानंतर हप्ते भरून घर परत मिळवायची सोय टेक्सासमध्ये नाही. मिशिगनमध्ये बऱ्याच केसेसमध्ये सहा महिने मिळतात, इथे मंगळवारी गेलं की गेलं. त्यानंतर घर रिकामं करून घ्यायला नव्या मालकाला एव्हिक्शनची केस करावी लागते, पण तो काही तुमचा वेळ म्हणून धरू नका.

कागदी_घोडे:
अगं आधी फोन उचल बाई! ते फोन नुसते वसुलीचे नसतात, हप्ता थकल्यापासून ३६ व्या दिवसापर्यंत तुझ्याशी बोलायचा प्रयत्न करणं आणि ४५ व्या दिवसापर्यंत काय काय मदत मिळू शकते ते लेखी कळवणं हे त्यांना नियमानेच करावं लागतं. ते पत्र बहुतेक घरी येऊन पडलंय, शोध. त्यातलं लॉस मिटिगेशन ॲप्लिकेशन (घर वाचवण्यासाठी मदतीचा अर्ज) भर. १२० दिवसांच्या आत पूर्ण ॲप्लिकेशन गेलं तर निर्णय होईपर्यंत त्यांना फोरक्लोजर सुरूच करता येत नाही, आणि उशीर झाला तरी लिलावाच्या ३७ दिवसांहून आधी पूर्ण अर्ज पोचला तर त्यावर निर्णय झाल्याशिवाय लिलाव करता येत नाही. पूर्ण म्हणजे पूर्ण हं, एक बँक स्टेटमेंट राहिलं तरी ते अपुरं धरतात, म्हणून पाठवल्यावर विचारत रहा काय कमी आहे.

अर्ध्या हप्त्याचं म्हणशील तर ते पैसे बऱ्याचदा सस्पेन्स अकाउंटमध्ये, म्हणजे हप्त्यात न धरता बाजूला, पडून राहतात आणि हप्ता थकलेलाच दिसतो. आधी बोलून रिपेमेंट प्लॅन किंवा फोरबेरन्स (हप्ते काही काळ थांबवणं किंवा कमी करणं) लेखी घे, मग भर.

हडसनकाठ:
आम्ही न्यू जर्सीवालेच. मावसभाऊ म्हणतो तशी माणसं असतात, नाही असं नाही, पण ती वर्षं फुकट नसतात. व्याज, लेट फी, वकिलाचा खर्च, सर्व्हिसरने भरलेला प्रॉपर्टी टॅक्स सगळं लोनवर चढत जातं आणि घरात अडकलेली तुमची इक्विटी (घराची किंमत वजा लोन) खात जातं. शिवाय क्रेडिट रिपोर्टवर फोरक्लोजर सात वर्षं दिसतं. घराची किंमत लोनपेक्षा बरीच जास्त असेल तर लिलावाची वाट न बघता स्वतः लिस्ट करून विकणं कधीही बरं. लिलावात देणी फिटून उरलेले पैसे तुमचेच असतात हे खरं, पण लिलावात भाव कोण देतंय.

दोन_टोकं:
४०१के (रिटायरमेंटची बचत) मधून काढून भरून टाका की, विषय संपला.

आडवळण:
@दोन_टोकं इतकं सोपं नाही ओ. वयाच्या साडेएकोणसाठच्या आत काढलं तर टॅक्स आणि वर साधारण १०% पेनल्टी, आणि ते पैसे एरवी बहुतेक देणेकऱ्यांच्या हाताबाहेर असतात. नवीन जॉबचा पत्ता नसताना ते ओतायचे आणि चार महिन्यांनी परत तिथेच यायचं? नोकरीची ऑफर हातात असेल तर वेगळी गोष्ट. अगदीच गळ्याशी आलं तर चॅप्टर १३ (दिवाळखोरीचा एक प्रकार) आहे, फाइल केलं की सहसा लिलाव थांबतो आणि थकबाकी तीन ते पाच वर्षांत फेडता येते, पण चालू हप्ताही भरावाच लागतो, म्हणून उत्पन्न हवं. वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. आणि हुडने (HUD, फेडरल सरकारचं गृहनिर्माण खातं) मान्यता दिलेले हाउसिंग काउन्सेलर फोरक्लोजर टाळण्यासाठी फुकट मदत करतात. "घर वाचवतो, आधी फी द्या" म्हणणारे फोन सुरू होतील, नोटीस लागली की यांना यादी मिळते. असे आधी पैसे घेणं बेकायदेशीर आहे, सरळ ठेवून द्या.

पावसाळी_दुपार:
सगळ्यांचे खूप आभार, सांगू शकत नाही किती हलकं वाटलं. पत्र खरंच टपालाच्या गठ्ठ्यात होतं. फोन केला, बाई बरी बोलली, पे स्टब्स, बँक स्टेटमेंट्स आणि हार्डशिपचं (अडचणीचं) कारण लिहून मागितलंय, आज रात्री बसून सगळं अपलोड करतोय. पण एक नवीनच निघालं, पुढच्या महिन्यात आमचं लोन दुसऱ्या सर्व्हिसरकडे जाणार म्हणे. मग हा अर्ज परत पहिल्यापासून करायचा का?

कागदी_घोडे:
नाही, पहिल्यापासून नाही. जुन्याकडे दिलेला अर्ज नव्याला पुढे चालवावा लागतो आणि तुझ्या तारखाही त्याच राहतात. पण कागद मध्येच गहाळ होतात हे नेहमीचंच, तेव्हा सगळ्याची कॉपी आणि अपलोडचं कन्फर्मेशन तारखेसकट ठेव आणि नव्याकडे लोन गेलं की त्याच आठवड्यात फोन करून विचार अर्ज दिसतोय का. ट्रान्सफरच्या तारखेपासून ६० दिवस चुकून जुन्याकडे वेळेत हप्ता गेला तरी तो उशिरा धरता येत नाही, तेवढी काळजी सोड. आणि बँकेचं ऑटोपे असेल तर ते आजच बघ, कुठे जातंय ते.