जीपीएल लायब्ररी जोडली तर आमचा कोडही खुला करावा लागेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सांगली मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानांसाठी सॉफ्टवेअर लिहितोय: सौदा, हमाली, तोलाई आणि शेवटी शेतकऱ्याची पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद). स्क्रीनसाठी क्यूटी ही लायब्ररी (तयार कोडचा संच) घेतलीय. तिचे वापरलेले भाग एलजीपीएल ३ या जीपीएलहून सैल लायसन्सखाली आहेत आणि डायनॅमिक लिंक (लायब्ररी वेगळ्या फाइलमध्ये, प्रोग्राम चालताना जोडली जाणारी) ठेवलंय, त्यामुळे तिथे शंका नाही.

घोडं अडलंय पॉपलर या पीडीएफ दाखवणाऱ्या लायब्ररीपाशी. पट्टीची पीडीएफ दाखवायला ते जोडलं आणि मग लक्षात आलं, ते जीपीएल आहे, म्हणजे वाटलं तर घेणाऱ्याला कोडही त्याच अटींवर द्यायला लावणारं लायसन्स. जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते लिंक स्टॅटिक (लायब्ररी प्रोग्रामच्या फाइलमध्येच मिसळलेली) असो वा डायनॅमिक, दोन्ही मिळून एकच कृती होते आणि वाटताना सगळ्याला जीपीएल लागू. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर बसवून देणं म्हणजे वाटपच. कोड द्यायला माझी ना नाही, पण भागीदाराचे दोन वर्षांचे कष्ट त्यात आहेत, त्याला न विचारता कसा देऊ?

लिंक काढून टाकून पॉपलरचं पीडीएफटूपीपीएम हे पीडीएफच्या पानांची चित्रं करणारं टूल कमांड लाइनवरून वेगळं चालवलं, तर दोन्ही प्रोग्राम स्वतंत्र धरतात का? पॉपलरचा सोर्स आणि लायसन्स सोबत देईनच. कुणी प्रत्यक्ष असं केलं असेल तर कृपया सांगा. पुढच्या आठवड्यात पहिल्या दुकानात बसवायचंय.